आमचं मे महिन्याचं घर

तुमच्याकडे आहे का हो असं एखादं घर? राहतं घर म्हणत नाही मी. वर्षाचे दहा-अकरा महिने जे कुलपात असतं, ज्याच्या डागडुजीचा खर्च दर वर्षी टोचतो, आणि तरीसुद्धा मुलांच्या परीक्षा संपत आल्या की ज्याच्या नावानं घरातली लहानथोर माणसं वेडी होतात, असं घर? आमच्याकडे आहे. लोणावळ्याला. आमच्या शाळेतल्या बाई म्हणतात, "तुमचं काय बाई, लोणावळ्याला बंगला!" मला हसूच येतं. बंगला कसला! दोन खोल्या, पुढे पडवी, मागे एकपाखी स्वैपाकघर आणि त्याला टेकून न्हाणीघर. वर मंगलोरी कौलं. मागच्या दारी एक जांभूळ, एक फणस आणि कुंपणाला करवंदीची जाळी. एवढ्याशा जागेत मे महिन्यात सतरा-अठरा माणसं मावतात. कशी, ते विचारू नका. पडवीत पुरुष आणि मुलगे, आतल्या खोलीत बायका आणि मुली, आणि ज्याचं घोरणं फार मोठं त्याची रवानगी स्वैपाकघरात.

"ह्या घरानं आपल्याला धरून ठेवलं," असं आमच्याकडे प्रत्येक लग्नामुंजीत कोणी तरी म्हणतंच. ते खोटं नाही. पण घराला कोणी धरून ठेवलं होतं, हे कळायला मला लग्नानंतर दहा वर्षं लागली. तेच सांगायला आज बसले आहे.

घर बांधलं माझ्या आजेसासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी. अण्णा बोरीबंदरला रेल्वेच्या कचेरीत कारकून. राहायला गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या. १९५४ साली माई, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, विषमज्वरातून उठल्या त्या अगदी काडी होऊन. डॉक्टरांनी हवापालट करायला सांगितलं. तेव्हाच्या मुंबईकराच्या हवापालटाच्या जागा ठरलेल्या असत. पैसेवाल्यांनी पाचगणी-माथेरान गाठावं, बाकीच्यांनी देवळाली नाही तर लोणावळा. अण्णांना रेल्वेचा पास, म्हणून लोणावळा. भाड्याच्या एका खोलीत महिनाभर राहून माई भाकरी खाऊ लागल्या, आणि अण्णांनी ठरवलं की आपली इथे चार भिंती उभ्या करायच्या. दोन वर्षं चहाला साखर कमी पडली, माईंच्या पाटल्या गेल्या, आणि १९५६ च्या एप्रिलात घरावर कौलं चढली. पाटल्या गेल्याचं घरातल्या गोष्टीत नेहमी सगळ्यात शेवटी येतं, तेही कोणी बाईमाणूस सांगत असेल तर. अण्णा मात्र दर वेळी कौलांचा भाव सांगत.

गंमत म्हणजे घरापासून अर्ध्या तासाच्या चालीवर वळवणचं धरण. ह्या धरणांचं पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज तयार होते, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. आणि आमच्या घरात मात्र बरीच वर्षं कंदील! सासूबाई लग्न होऊन आल्या त्या मे महिन्यात काचा पुसण्याचं काम त्यांच्याकडे होतं, असं त्या अजून सांगतात.

आता प्रवासाचं ऐका. हल्लीच्या मुलांना गाडीत बसवलं की दोन तासांत लोणावळा. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि घाट कधी आला नि कधी गेला हेही कळेनासं झालं. पण माझे यजमान आणि त्यांची चुलत-आत्ये भावंडं आगगाडीच्याच गोष्टी सांगतात. दोन वळकट्या, पिठाचा डबा, मसाल्याचा डबा, लोणच्याची बरणी, स्टोव्ह, स्टोव्हच्या पिना, पाण्याची फिरकी आणि एक रडणारं मूल, एवढं सामान ठरलेलं. कर्जतला गाडी थांबली की मागून जादा इंजिनं लागत. पुढचा चढ असा की सदतीस फूट जावं तेव्हा एक फूट वर चढावं, एकट्या इंजिनाला गाडी ओढवत नाही. ती इंजिनं लागेपर्यंत बटाटेवडे. मग बोगदे मोजायचे. कोणाचीच मोजणी कधी जमली नाही, कारण दर बोगद्यात कोणी तरी ओरडतं आणि आकडा चुकतो. अण्णांना त्यांच्या लहानपणची आणखी एक मजा आठवायची. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली तेव्हापासून १९२९ पर्यंत मधे एका जागी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावत, आणि गाडी उलट तोंडानं पुढचा चढ चढे. "मी पुण्याला पाठमोरा गेलेला माणूस आहे," असं ते म्हणत. हा विनोद मी अण्णांच्या तोंडून ऐकलेला नाही, ते १९९४ सालीच गेले. पण चार जणांच्या तोंडून चार तऱ्हांनी ऐकला आहे.

त्या घराची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कचेरीतल्या हजेरीपटासारखी. अण्णा कारकून ना! आल्याची तारीख, गेल्याची तारीख, माणसं किती, दूध किती, रॉकेल किती, पहिला वळीव कधी पडला, कौलं किती फुटली, सगळं टाकानं लिहिलेलं. अण्णांच्या मागून थोरल्या काकांचं अक्षर, मग माझ्या सासऱ्यांचं, मग आमच्या ह्यांचं. स्वैपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत. त्यात माझ्या सासऱ्यांची १९६० सालची रेघ आणि माझ्या मुलाची मागच्या वर्षीची रेघ अगदी एकाच उंचीवर आली, तेव्हा सासऱ्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. त्यांनी नातवाला उभं करून तीनदा मोजलं.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, ही बाई पहिल्या दिवसापासून त्या घरावर भाळली असणार. छे हो! मला ते घर डोळ्यांसमोर नको झालं होतं.

माझं लग्न २०१३ च्या फेब्रुवारीतलं. मे महिन्यात लोणावळा. मी डोंबिवलीची, तोवर सुट्टी म्हणजे उशिरा उठणं एवढंच मला ठाऊक. तिथे पहाटे साडेपाचला सासूबाईंनी हाक मारली. चहा दोन हप्त्यांत, कारण पातेलं लहान. मग सतरा माणसांचे पोहे. पोहे होतात न होतात तो मोठ्या काकूंनी वांगी पुढ्यात ठेवली. दुपारी आमरस. सतरा माणसांचा आमरस म्हणजे किती आंबे पिळायचे, हिशेब करा! चारला पुन्हा चहा, आणि सहाला सगळे "सनसेट बघायला" निघाले. सगळे म्हणजे पुरुष आणि मुलं. आम्ही चौघी रात्रीच्या भाकऱ्यांना लागलो. पाचव्या दिवशी यजमान मला कौतुकानं म्हणाले, "काय, मजा येतेय ना?" मी पोळपाट उचलला नाही ही माझ्या आईची शिकवण.

त्या रात्री मागच्या पायरीवर सासूबाई आणि मी भांडी निथळत ठेवत होतो. त्या एकदम म्हणाल्या, "तुला सांगू? पहिल्या दहा वर्षांत मी राजमाचीचा पॉइंट दोनदा पाहिला. ह्यांची सुट्टी असते गं. आपली बदली." एवढं बोलून त्यांनी परात पालथी घातली आणि आत निघून गेल्या. मी पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य मैत्रिणींना सांगून हशा पिकवला. सासूबाई ते हसून म्हणाल्या नव्हत्या, हे फार उशिरा लक्षात आलं.

ह्या सगळ्या गर्दीत चार दिवसांसाठी ताईआत्या यायच्या. माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण, चारही भावंडांत दुसरी. लग्नाआधी टेलिफोनच्या कचेरीत नोकरी, मग लग्न होऊन नागपूरला. तिथून पाडाची एक पेटी घेऊन येत आणि चार दिवस पाहुण्यासारख्या राहत. पाहुण्यासारख्या म्हणजे कशा? डब्याला हात लावण्याआधी विचारत. "इथली साखर घेऊ का गं?" माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठी बाई, त्याच घरात परकर-पोलक्यात वाढलेली, आणि मला, काल आलेल्या सुनेला, विचारते! मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की चला, ह्या तरी मान देतात.

गिरगावची चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला. भावांनी आपापले पैसे घेऊन डोंबिवली, ठाणे, पुणे गाठलं. भावांच्या फ्लॅटमध्ये गेलं की पाहुण्यांची खोली मिळते, पण तिथे लहानपणीची खुंटी नसते, कोनाडा नसतो. ताईआत्यांच्या माहेराचं जे काही उरलं होतं, ते लोणावळ्याला होतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मग २०२३ साल उजाडलं. आधीच्या पावसात पश्चिमेची भिंत आतपर्यंत ओली झाली होती. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिन्यांत दीडशे इंचांच्या वर, मातीच्या सांध्याची भिंत किती सोसणार! वाशांना वाळवी. दुरुस्तीचा अंदाज ऐकून सासऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यातच शेजारच्या दोन जुन्या घरांच्या जागी शनिवार-रविवारपुरती भाड्यानं द्यायची पोहण्याच्या तलावाची घरं झालेली, आणि त्याच माणसानं आमच्याही जागेचा भाव विचारला. भाव असा, की धाकट्या काकांना रात्रभर झोप आली नाही. त्यांच्या मुलाचा धंदा बुडालेला, डोक्यावर कर्ज.

आणि आता एक कबुली देते. मीही "विका" म्हणणाऱ्यांत होते. आम्ही चौघं आणि सासू-सासरे दोन खोल्यांत. मुलगी मोठी होते आहे, तिला अभ्यासाला कोपरा नाही, ती बाल्कनीत धुण्याच्या दोरीखाली बसून वाचते. आमच्या वाट्यातून आणखी एक खोली झाली असती. वर्षातले वीस दिवस भाकऱ्या बडवण्यासाठी एक घर, आणि तीनशे पंचेचाळीस दिवस मुलगी बाल्कनीत! मी यजमानांना तसं तोंडावर म्हटलं. दोन दिवस आमचं बोलणं "मीठ दे", "दार लाव" एवढंच होतं.

सगळे पडवीत जमले. हिशेब सोपा होता, तीन वाटे. "ताईचं हक्कसोडपत्र घेऊ म्हणजे झालं," असं सासरे म्हणाले, इतक्या सहजपणे की जणू दुकानातून खडीसाखर आणायची आहे. कागद तयार होता. ताईआत्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "मी सही करत नाही."

शांतता म्हणजे काय! धाकटे काका म्हणाले, "ताई, तुला वाटा हवाय का? तसं सांग." माझ्या मनातही तेच आलं, खोटं कशाला बोलू. ताईआत्या म्हणाल्या, "मला पैसे नकोत रे. सही केली की मी इथे कोणाची म्हणून यायचं, तेवढं सांग. मग लगेच करते."

कोणाला उत्तर आलं नाही.

ह्या जागी थांबून, बायांनो, कायद्याचं थोडं सांगते, कारण त्या दिवशी पडवीत बसलेल्या आम्हा शिकल्यासवरलेल्या माणसांपैकी एकालाही ते नीट ठाऊक नव्हतं. माझ्या मैत्रिणीची बहीण वकील आहे, तिनं समजावलं. आपण सगळे धरून चालतो की मुलींना हक्क मिळाला तो २००५ साली. ती दुरुस्ती आहे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीबद्दल, मुलीलाही मुलासारखा जन्मानं हक्क. पण वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेली मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच बायको, मुलगे आणि मुली ह्यांचा वाटा सारखा. म्हणजे वाटे तीन नव्हतेच, चार होते. अण्णा गेले त्या दिवसापासून ताईआत्या त्या घराच्या मालकीण होत्या, आणि साखर विचारून घेत होत्या! आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. जुन्या कायद्यात तेवीसावं कलम होतं. घरचे लोक राहत असलेल्या घराची वाटणी भाऊ करत नाहीत तोवर बहिणीला मागता येत नसे, आणि नवऱ्याघरी नांदणाऱ्या मुलीला त्या घरात राहण्याचाही हक्क नसे. ते कलम २००५ मध्ये काढून टाकलं. हक्कसोडपत्राचं म्हणाल, तर एकदा सही होऊन नोंदणी झाली की मागे फिरणं महाकठीण. भावाला ओवाळावं जरूर, पण तबकात सही ठेवायची का, हे कागद वाचून मग ठरवावं.

त्या रात्री मला झोप लागेना, म्हणून वही घेऊन बसले. शाळेत मी इतिहास शिकवते, जुनं अक्षर वाचायची खोड आहे. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, त्याचे धक्के पुण्या-मुंबईपर्यंत बसले होते. वहीत पुढच्या मे महिन्याची नोंद: पश्चिमेच्या भिंतीस चीर, कौलं सरकली, तुळई नवी. खाली खर्चाची बेरीज. आणि तिच्याखाली बारीक अक्षरात, "सर्व रक्कम चि. ताईच्या पगारातून." पुढच्या वर्षी पत्रे, तेही तसेच. त्याच्या पुढच्या वर्षी मोरीचा दगड. मग तिचं लग्न झालं आणि ती ओळ बंद झाली.

सकाळी मी वही सासऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी वाचली, थोरल्या काकूंना दिली, काकूंनी धाकट्या काकांना. ताईआत्या बाहेर जांभळाखाली दात घासत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "असेल बाई. तेव्हा घरात माझाच पगार नवा होता. त्याचं काय एवढं?" त्या खरंच विसरल्या होत्या की तसं दाखवत होत्या, देव जाणे.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. दीड वर्ष घोळ चालला. धाकट्या काकांची नड खरी होती, "घर राखायचं" म्हणून त्यांना कर्जात ठेवणं हा कुठला न्याय? शेवटी त्यांचा वाटा उरलेल्या तिघांनी मिळून घेतला, रीतसर नोंदणी करून, बाजारभावापेक्षा कमी पण त्यांना पटेल अशा रकमेला. ताईआत्यांनी त्यांच्या ठेवीतून घातले. आम्ही जे घातले ते हप्त्यानं फेडतो आहोत, आणि आमची तिसरी खोली गेली. मुलगी अजून बाल्कनीतच वाचते. दोरी मात्र मी हलवली. कधी कधी पावसात तिला पुस्तकं सावरत आत येताना पाहते आणि वाटतं, आपण चुकलो की काय. ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पण पैसे घालायच्या आधी मी एक अट घातली होती, आणि माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसांपुढे मी घातलेली ती पहिली अट. म्हटलं, घर राखायचं तर सुट्टी सगळ्यांची. सकाळचा चहा-नाश्ता पुरुषांनी करायचा, कसा का होईना. पोळ्या-भाकऱ्या गावातल्या एका बाईंकडून आणायच्या, त्यांनाही चार पैसे मिळतात. रात्री एकच पदार्थ: खिचडी, पिठलं-भात, नाही तर मिसळ. भांडी ज्याची त्यानं विसळायची. आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा ताईआत्यांचा. त्या पंधरवड्यात त्या यजमानीण, आपण पाहुणे. बोलावलं तर जायचं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "आमरस मात्र मीच करणार. ह्यांना कोय नीट पिळता येत नाही."

पहिल्या वर्षी यजमानांचे पोहे म्हणजे लगदा. थोरल्या काकूंच्या मुलानं चहात मीठ घातलं, चुकून की मुद्दाम ते अजून ठरलेलं नाही. पण सातव्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाच जणी पायी वळवणपर्यंत गेलो, वाटेत करवंदं खाल्ली, आणि अंधार पडल्यावर परत आलो तेव्हा खिचडी तयार होती. करपलेली होती. सासूबाईंनी दोनदा घेतली.

हे असं बंद राहणारं घर कसं राखावं, हे बऱ्याच जणी विचारतात, म्हणून जाता जाता अनुभवाचे चार बोल. पाऊस लागण्याआधी कौलं चाळून घ्यायला गडी सांगायचा तो एप्रिलातच, मेच्या अखेरीला सोन्याच्या भावानंही मिळत नाही. पन्हळीतला पाला स्वतःच्या डोळ्यांनी काढलेला पाहावा. तुंबलेली पन्हळ म्हणजे ओली भिंत, आमची तशीच गेली. पश्चिमेच्या बाजूला पत्रे बांधून घ्यावेत. गाद्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकून कधीच ठेवू नयेत. वाशांना दोर बांधून त्यावर टांगाव्यात, म्हणजे खालून-वरून वारा खेळतो आणि उंदीरही लागत नाही. कपाटात कळीच्या चुन्याचे खडे उघड्या वाडग्यात ठेवले तर दमट कमी होतं, मात्र वाडगा अर्धाच भरावा, कारण चुना फुगतो, आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा. रद्दी, पुठ्ठे, रिकामी खोकी घरात ठेवणं म्हणजे वाळवीला आमंत्रण. फ्रीज असेल तर पुसून, दाराला फडक्याचा बोळा लावून अर्धवट उघडा ठेवावा. डाळ-तांदूळ मागे ठेवूच नये, मीठ चिनी मातीच्या बरणीत चालतं. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासून, उन्हात अगदी कोरडी करून, मग फडक्यात बांधावीत. आणि श्रावणात एकदा कोणी तरी जाऊन सगळी दारं-खिडक्या दिवसभर उघडून यावं. हे शेवटचं काम पूर्वी कोणी केलं नाही. आता वाटून घेतलं आहे.

वहीत आता वेगवेगळी अक्षरं आहेत. नियम असा की जे जे येतील त्या सर्वांनी लिहायचं. माझ्या मुलीनं मागच्या मे महिन्यात लिहिलं आहे, "आज मी वरच्या पायरीवर बसून अख्खं पुस्तक वाचलं. कोणी उठवलं नाही." तिच्या वर ताईआत्यांची नोंद आहे. त्यांचं अक्षर त्या वहीत पहिल्यांदाच उमटलं, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. तारीख, माणसं नऊ, दूध तीन लिटर, साखर आणली दोन किलो. बस्स, एवढंच.

घराच्या किल्ल्या पूर्वी तीन होत्या, आता एक नागपूरला असते. ताईआत्यांचे गुडघे फार दुखतात, ह्या वर्षी घाट चढवेल की नाही ही आम्हाला धास्ती आहे. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पोरंबाळं कशी आहेत, शाळा कधी सुरू होते, काही नाही. उचलल्या उचलल्या म्हणाल्या, "काय गं, पन्हळीतला पाला काढलात का? का मी येऊ?"